कशासोबत काय गेलं?

आपल्या काही गटांनी विक्री केंद्रासाठी मोबाईलवर बिल करायचं ॲप घेतलंय. त्यात 'रिपोर्ट' असं एक बटण असतं. ते दाबलं की तक्ता येतो, लोणचं किती गेलं, पापड किती गेले, रुपये किती झाले. मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत एका ताईंनी तो तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं तर आमच्या वहीतही कळतं. कशासोबत काय गेलं, ते सांगतं का हे?"

प्रश्न साधा वाटतो. पण तो विचारायला आणि त्याचं उत्तर काढायला मोठमोठ्या दुकानांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्यातला बराचसा इतिहास अमेरिकेत घडला, थोडा इंग्लंडमध्ये. त्यात आपल्या देशातून गेलेली माणसं आहेत, मुंबईत शिकलेले एक गृहस्थ आहेत, आणि पिशवी घेऊन दुकानात जाणारी बाई तर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेच. आज तो इतिहास सांगतो.

सुरुवात काउंटरपासून करू. आपल्या गावातलं वाण्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. आपण बाहेर, माल आत, मध्ये फळी. आपण म्हणतो, "काका, अर्धा किलो तीळ द्या." काकांचा हात तिळाच्या डब्याकडे जातो आणि तोंड विचारतं, "गूळ चिकीचा देऊ का साधा?" आपण गूळ मागितलेलाच नसतो. हळकुंड, सुपारी, खारीक सांगितलं की ते विचारतात, "ओटी भरायची का? मग नारळ आहे ना घरात?" कशासोबत काय जातं हे त्या माणसाच्या डोक्यात असतं, कारण प्रत्येक पिशवी त्याच्या हातून भरली जाते. कोणाच्या घरी बारसं आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आलीय, हेही त्याला डिंक-खोबऱ्यावरून कळतं. त्याचं हे ज्ञान कुठल्या वहीत नसतं. वहीत फक्त उधारी असते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही दुकानं अशीच होती. गिऱ्हाईक यादी सांगायचं, आतला माणूस फळीवरून काढून द्यायचा. ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जेम्स रिटी नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. नोकर गल्ल्यातले पैसे खातात म्हणून तो वैतागला होता. त्याने १८७९ साली पैसे नोंदवणारं यंत्र तयार केलं, म्हणजे आपण ज्याला कॅश रजिस्टर म्हणतो ते. यंत्राला दिवसाची बेरीज कळायची. पैसे कशाचे आले ते कळायचं नाही. पण ते यंत्राला कळायची गरजही नव्हती, कारण काउंटरमागच्या माणसाला ते ठाऊक असायचं.

मग १९१६ साल आलं. मेम्फिस नावाच्या शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' या गमतीदार नावाचं दुकान उघडलं. तिथे काउंटरमागचा माणूसच काढून टाकला होता. दारात टोपली घ्यायची, फळ्यांमधून फिरायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि बाहेर पडताना एकदाच पैसे द्यायचे. नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला आणि लोकांनी गर्दी केली. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा शहरातले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की बायका खरेदी थांबवतात हे त्यांनी पाहिलं होतं. सुरुवातीला गाडीला कोणी हात लावेना. गोल्डमन यांनी पुढे सांगितलंय की बायका म्हणायच्या, बाळाच्या गाड्या ढकलून ढकलून दमलो, आता ही आणखी कशाला! शेवटी त्यांनी पगारी माणसं नेमली आणि त्यांना नुसतं गाडी ढकलत दुकानात फिरायला लावलं.

माल स्वस्त झाला, गाडी भरभरून जायला लागली, पण या सगळ्यात एक गोष्ट हरवली आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. पिशवी भरणारा हात आता दुकानदाराचा राहिला नव्हता. बाहेर पडताना बसलेली मुलगी किमती यंत्रावर मारायची. यंत्र बेरीज सांगायचं. महिन्याच्या शेवटी फळीवरचा माल मोजून साबण किती खपला ते मालकाला कळायचं. पण साबण नेणाऱ्या बाईने सोबत नीळ नेली की नाही, हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. दुकान मोठं झालं आणि विसराळू झालं, असं आम्हाला वाटतं. पुढची सगळी धडपड ही गेलेली आठवण परत मिळवायची आहे.

त्यासाठी आधी प्रत्येक वस्तू यंत्राला ओळखता यायला हवी होती. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात बर्नार्ड सिल्व्हर या विद्यार्थ्याच्या कानावर एका दुकानदाराचं बोलणं पडलं. तो कॉलेजच्या मोठ्या अधिकाऱ्याला विनवत होता की मालाची नोंद आपोआप होईल असं काहीतरी शोधून द्या. सिल्व्हरने ते मित्राला सांगितलं. मित्राचं नाव जोसेफ वुडलँड. वुडलँडला लहानपणी स्काउटमध्ये तारेची कडकट्ट भाषा शिकवलेली होती, म्हणजे टिंबं आणि रेघा. एकदा मायामीच्या समुद्रकाठी वाळूत बसला असताना त्याने बोटांनी टिंबं काढली आणि ती खाली ओढली. टिंबांच्या बारीक-जाड रेघा झाल्या. आज बिस्किटाच्या पुड्यावर दिसणाऱ्या काळ्या रेघांचा जन्म असा वाळूत झाला. १९५२ मध्ये दोघांना पेटंट मिळालं, पण त्या रेघा वाचणारी यंत्रं परवडण्याजोगी व्हायला आणखी वीस वर्षं गेली. १९७३ साली जॉर्ज लॉरर यांनी आखलेला बारकोड सगळ्या किराणा व्यापाऱ्यांनी मान्य केला. आणि २६ जून १९७४ ला सकाळी ८ वाजून १ मिनिटाने ओहायोतल्याच ट्रॉय नावाच्या छोट्या गावात मार्श सुपरमार्केटच्या काउंटरवर शेरॉन ब्यूकॅनन यांनी च्युइंगमचं एक पाकीट यंत्रावरून सरकवलं. ६७ सेंट. जगात पहिल्यांदा एखादी वस्तू हा नवा बारकोड वाचून विकली गेली.

आता यंत्राला कळायला लागलं की अमुक बिलात अमुक अमुक वस्तू आहेत. मग लगेच उत्तर मिळालं असेल ना? नाही मिळालं. कारण साठवायला जागा महाग. रोजची लाखो बिलं ठेवायची कुठे? म्हणून दुकानं काय करायची, तर वस्तूवार बेरीज ठेवायची आणि सुटी बिलं टाकून द्यायची. साबण एवढे, तेल एवढं. आपल्या ॲपमधला पहिला तक्ता नेमका हाच आहे. बेरीज झाली की पिशव्या विरघळून जातात. एकदा पन्नास पापड आणि पन्नास लोणची अशी बेरीज हातात आली की ती एकाच घरात जोडीने गेली की वेगवेगळ्या घरांत गेली, हे त्या बेरजेतून कोणी देव आला तरी काढू शकत नाही.

१९८० नंतर मोठ्या क्षमतेचे संगणक आले. टेराडेटा नावाची कंपनी असे संगणक बनवायची. तिच्याकडे थॉमस ब्लिशॉक नावाचे सल्लागार होते. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ऑस्को ड्रग या औषधं आणि घरगुती माल विकणाऱ्या साखळीतल्या साधारण २५ दुकानांची १२ लाख बिलं तपासली. कोणती वस्तू कोणाबरोबर जाते ते शोधलं. त्यात एक मजेदार जोडी निघाली. संध्याकाळी ५ ते ७ या वेळात बाळाचे डायपर आणि बिअर एकत्र जातात.

ही गोष्ट जगभर गेली. आज कुठल्याही व्यवसाय प्रशिक्षणात ती ऐकायला मिळते, आम्हीही ती ऐकलीय. मात्र सांगता सांगता ती फुगत गेली. दुकानाचं नाव बदललं, वॉलमार्ट झालं. वार ठरला, शुक्रवार. मग त्यात एक तरुण बाप आला. बायकोने डायपर आणायला पाठवलेला तो बाप स्वतःसाठी बिअर उचलतो. शेवटी दुकानदाराने बिअर डायपरच्या शेजारी मांडली आणि विक्री धडाक्यात वाढली, असा गोड शेवटही जोडला गेला. खरं काय, तर ऑस्कोच्या व्यवस्थापकांनी त्या दोन वस्तू जवळ आणल्याच नाहीत. फळ्या होत्या तिथेच राहिल्या.

आणि तो बाप? बिलावर डायपर होते, बिअर होती, वेळ होती. खरेदी करणारा पुरुष होता की बाई, हे कॅश काउंटरचं बिल सांगत नाही. बाप सांगणाऱ्यांनी घातला. बिअर म्हणजे पुरुषाची आणि डायपरसाठी धाडणारी बायकोच, हे आधीच मनात होतं, ते गोष्टीत उतरलं. कदाचित कामावरून दमून घरी चाललेली आईच दोन्ही वस्तू घेत असेल. आकड्याने फक्त जोडी दाखवली. कारण माणसांनी लावलं, आणि पुढे कारणच बातमी होऊन बसलं. आम्हाला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो.

एका जोडीची गंमत वेगळी आणि सगळ्या जोड्या पद्धतशीर शोधणं वेगळं. इथे ते मुंबईत शिकलेले गृहस्थ येतात. राकेश अग्रवाल हे रुडकीला इंजिनियर झाले, मग मुंबईला 'नीटी' या औद्योगिक अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संस्थेत शिकले आणि पुढे अमेरिकेत पीएच.डी. करून कॅलिफोर्नियात आयबीएम कंपनीच्या अल्माडेन संशोधन केंद्रात काम करू लागले. १९९३ मध्ये त्यांनी तोमाश इमिएलिन्स्की आणि अरुण स्वामी यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला. बिलांच्या ढिगातून 'हे घेणारा तेही घेतो' असे नियम यंत्राने स्वतः कसे शोधावेत, याचा हा पाया मानला जातो.

त्यांनी आपली पद्धत एका मोठ्या दुकान कंपनीच्या ४६,८७३ बिलांवर चालवून पाहिली. दुकानाचे ६३ विभाग होते. सगळ्यात ठळक नियम कोणता निघाला असेल? गाडीचे टायर घेणाऱ्या १०० पैकी जवळजवळ ९९ जण गाडी दुरुस्तीच्या विभागातही पैसे देतात! मैत्रिणींनो, हे सांगायला कोणताही गॅरेजवाला पुरला असता. टायर घेतला की तो बसवून घ्यावाच लागतो. मुलांच्या सामानाच्या विभागात जाणाऱ्या १०० पैकी ६६ जण मुलांच्या कपड्यांच्या विभागातही खरेदी करतात, असाही एक नियम निघाला. म्हणजे यंत्राने आधी तिळासोबत गूळच शोधला. पण आम्ही याला हसत नाही. ठाऊक असलेली गोष्ट यंत्राला बरोबर सापडते, हे दिसलं की मग ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल त्याच्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. नवीन सुनेच्या हातची भाकरी आधी बघतात, पुरणपोळी नंतर, तसंच.

अडचण होती ती जोड्यांच्या संख्येची. आपल्या विक्री केंद्रात ४० प्रकारचा माल आहे असं धरा. जोड्या किती होतात? ७८०. तीन-तीन वस्तूंची त्रिकुटं धरली तर ९,८८०. आणि हजार वस्तूंच्या दुकानात नुसत्या जोड्याच ४ लाख ९९ हजार ५०० होतात. अग्रवाल यांनी १९९४ मध्ये रामकृष्णन श्रीकांत यांच्यासोबत यावर जो उपाय काढला तो आपल्या चाळणीसारखा आहे. एखादी वस्तू मुळातच क्वचित जात असेल, तर तिची जोडीही क्वचितच जाणार. मग ती जोडी मोजायचीच कशाला? आधी एकेकट्या वस्तू चाळायच्या. फारशा न खपणाऱ्या बाजूला काढायच्या. उरलेल्यांच्याच जोड्या मोजायच्या. त्यातल्या तगलेल्या जोड्यांचीच त्रिकुटं करायची. ४० वस्तूंमधून १२ चांगल्या चालणाऱ्या उरल्या तर जोड्या राहतात फक्त ६६. एवढ्या तर आपण कागदावर मोजू.

इथे एक खाचखळगा आहे. तो १९९७ मध्ये तिघांनी चहा-कॉफीचं उदाहरण देऊन दाखवला. त्यातले एक सर्गेई ब्रिन, ज्यांनी पुढच्याच वर्षी मित्रासोबत गुगल काढलं. दुसरे राजीव मोटवानी आणि तिसरे क्रेग सिल्व्हरस्टीन. समजा १०० पिशव्या आहेत. २५ पिशव्यांत चहा आहे. त्या २५ मधल्या २० पिशव्यांत कॉफीही आहे. म्हणजे चहा घेणारे शंभरातले ८० कॉफी घेतात. वाटतं, वा, काय जोडी आहे! चहाशेजारी कॉफी मांडा! पण थांबा. एकूण १०० पिशव्यांपैकी कॉफी आहे ९० मध्ये. सगळे धरले तर शंभरात ९० जण कॉफी घेतात, आणि चहावाले फक्त ८०. म्हणजे चहा घेणारा उलट कॉफी कमी घेतो!

आपल्या दुकानात हे काम मीठ करतं. मीठ सगळ्यांच्याच पिशवीत असतं. म्हणून मसाल्यासोबत मीठ जातं, शेवयांसोबत मीठ जातं, उदबत्तीसोबतही मीठ जातं. ती जोडी नव्हे. जोडी तेव्हाच म्हणायची, जेव्हा एक वस्तू असताना दुसरी एरवीपेक्षा जास्त वेळा येते. हे 'एरवीपेक्षा' पाहायचं राहिलं की माणूस फसतो. आपल्याकडे एखाद्या प्रदर्शनाच्या स्टॉलवर 'मसाला घेणारी प्रत्येक बाई पापड घेतेच' असं छातीठोक सांगतात तेव्हा एकच विचारायचं, मसाला न घेणाऱ्या किती जणींनी पापड घेतला?

दुसरं, जोडी बारा महिने एकच राहत नाही. ऑस्कोची जोडी संध्याकाळी ५ ते ७ ची होती, दिवसभराची नव्हती. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चार्ली नावाचं वादळ येऊन गेलं आणि पाठोपाठ फ्रान्सिस येत होतं. वॉलमार्टच्या माहिती विभागाच्या प्रमुख लिंडा डिलमन यांनी आपल्या माणसांना सांगितलं, मागच्या वादळाआधी लोकांनी काय नेलं ते बघा. बॅटऱ्या निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण निघाले स्ट्रॉबेरीचे पॉप-टार्ट्‌स, म्हणजे आत जॅम भरलेले, पाकिटातून काढून तसेच खाता येतील असे चपटे गोड पदार्थ. वादळाआधी ते नेहमीच्या सातपट खपले होते. आणि सगळ्यात जास्त खपली होती बिअर. वीज गेली तरी खाता येईल, चूल लागणार नाही, नासणार नाही, पोरं रडणार नाहीत, हे घरातल्या बाईने तेव्हाच ओळखलं होतं. कंपनीला ते संगणकावर दिसलं, आणि त्यांनी पॉप-टार्ट्‌सचे ट्रक भरून पाठवले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तिकडच्या मैत्रिणींना विचारा आधी काय भरून ठेवलं होतं. त्या मेणबत्तीवर थांबणार नाहीत.

आपल्याकडे वादळापेक्षा पंचांग मोठं. उन्हाळ्यात कुरडयांसोबत जे जातं ते दिवाळीत उटण्यासोबत जाणार नाही. म्हणून वर्षाची सगळी बिलं एका ढिगात टाकून मोजली तर चुकीचं चित्र दिसतं. गणपतीची वेगळी, संक्रांतीची वेगळी, लग्नसराईची वेगळी मोजायची.

आतापर्यंतच्या कुठल्याच बिलावर नाव नव्हतं. इथून पुढे नाव येतं, आणि इतिहासाचा रंग बदलतो.

इंग्लंडमध्ये एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या नवरा-बायकोने १९८९ मध्ये 'डनहम्बी' नावाची कंपनी काढली. टेस्को या मोठ्या दुकानासाठी त्यांनी काम केलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये टेस्कोने क्लबकार्ड देशभर सुरू केलं. कार्ड काढताना नाव-पत्ता द्यायचा. खरेदीवर गुण मिळायचे, गुणांची सूट मिळायची. त्या बदल्यात प्रत्येक पिशवी आता एका घराच्या नावावर जमा व्हायला लागली. आज काय घेतलं हेच नव्हे, तर मागच्या महिन्यात काय घेतलं, काय बंद केलं, हेही. टेस्कोचे अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन या दोघांना म्हणाले होते ते पुष्कळ जण सांगतात. आपल्याला ३० वर्षांत गिऱ्हाइकांबद्दल जेवढं कळलं नाही, तेवढं तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याचीच भीती वाटते, असा त्याचा आशय. काउंटरमागच्या काकांची हरवलेली आठवण परत आली होती. फरक एवढाच की आता ते काका कोण, कुठे बसतात, हे गिऱ्हाइकाला दिसत नव्हतं.

मग अमेरिकेतल्या टार्गेट नावाच्या दुकानसाखळीची गोष्ट, जी फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात चार्ल्स डुहिग यांनी लिहिली. तिथे आपल्या डोहाळजेवणासारखा समारंभ असतो. पाहुण्यांनी काय भेट द्यावी याची यादी गरोदर बाई दुकानात नोंदवते, आणि त्यात बाळंतपणाची तारीखही देते. दुकानाचे संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू पोल यांनी अशा बायकांच्या पिशव्या मागे जाऊन पाहिल्या. कोणत्या महिन्यात त्यांची खरेदी कशी बदलते? बिनवासाचं लोशन वाढतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या गोळ्या वाढतात. साधारण २५ वस्तूंवरून त्यांनी अंदाज बांधला, आणि मग ज्यांनी काहीच सांगितलं नव्हतं अशा बायकांमध्येही गरोदर कोण असेल ते यंत्र सांगू लागलं. त्यांच्या घरी बाळाच्या सामानाची कुपनं जाऊ लागली. मिनियापोलिसजवळच्या एका दुकानात एक बाप चिडून आला, माझ्या शाळकरी मुलीला ही कुपनं का पाठवता म्हणून, आणि काही दिवसांनी मुलगी खरंच गरोदर असल्याचं त्याला घरात कळलं, असा प्रसंग त्या लेखात आहे. तो तसाच्या तसा घडला का, यावर पुढे लोकांनी शंका घेतल्यात. पण लेखातली दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त बोचली. बायकांना आपल्यावर नजर आहे असं वाटू नये म्हणून डायपरच्या कुपनाशेजारी मुद्दाम गवत कापायच्या यंत्राची जाहिरात छापायला लागले. म्हणजे बाईला वाटावं, सगळ्यांनाच हे आलंय.

आपल्याकडे तीन महिने होईस्तोवर ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत. पहिल्यांदा नवऱ्याला सांगायचं, मग सासूला, मग माहेरी. कोणाला कधी सांगायचं हे त्या बाईच्या हातात असतं. निदान असायला हवं. वाण्याच्या काकांना चिंचेवरून अंदाज येतही असेल, पण त्यांना गावात राहायचं असतं, त्यांना तोंड आवरावं लागतं. कंपनीला कुठे गावात राहायचंय?

हे आता लांबचं राहिलेलं नाही. तालुक्याच्या मोठ्या दुकानात गेलं की माल यंत्रावर सरकवायच्या आधी मुलगी विचारते, "मोबाईल नंबर?" आपण सवयीने दहा आकडे सांगून टाकतो. तो नंबर म्हणजेच आपलं क्लबकार्ड. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट कळवलंय की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करता येणार नाही, तशी सक्ती ही अनुचित व्यापार प्रथा आहे. "नंबर द्यायचा नाही, बिल द्या," एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे. घरपोच माल किंवा गॅरंटी कार्ड असेल तिथे नंबर लागतो, ते समजण्यासारखं आहे. पाव किलो शेंगदाण्याला नंबर कशाला? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही मंजूर केला. माहिती कशासाठी घेतोय ते सांगून, संमती घेऊनच ती वापरावी, हे त्याचं मुख्य सूत्र.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. बहुतेक ॲपमध्ये 'कशासोबत काय' असा तयार तक्ता नसतो, पण बिलवार यादी बाहेर काढता येते. तीच घ्या, वस्तूवार बेरीज नको. ती यादी एक्सेलमध्ये उघडून पिव्होट टेबल केलं, उभ्या बाजूला बिल क्रमांक आणि आडव्या बाजूला माल ठेवला, की प्रत्येक पिशवी एका ओळीत दिसते. संगणक नसेल तर बिलबुकातली दुसरी प्रत पुरते. चांगल्या चालणाऱ्या १२ वस्तू घ्या, मोठ्या कागदावर बारा उभे बारा आडवे चौकोन आखा, प्रत्येक बिल वाचत जोडीच्या चौकोनात रेघ मारा, पाचवी रेघ आडवी. शेजारी एकेकटी वस्तू किती बिलांत आली तेही लिहा, नाहीतर मीठ फसवेल. आणि जे निघेल त्याचं कारण लगेच ठरवू नका. दोन आठवडे त्या वस्तू शेजारी मांडून बघा, दोन आठवडे लांब ठेवून बघा.

ॲपमध्ये गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाईल असे दोन रकाने येतात. ते रिकामे सोडले तरी बिल होतं. आपल्या केंद्रातून सॅनिटरी पॅड जातात, लोहाच्या गोळ्यांसोबतचे लाडू जातात, कोणाची उधारी असते. उधारीला नाव लागतं, ते उधारीच्या वहीतच राहू द्या, ती वही सचिवांच्या कुलपात. जोड्या मोजायला बिल क्रमांक, तारीख, वेळ, माल आणि नग, एवढे पाच रकाने पुरतात.